चारशे अकरा

कायदा यायच्या आधीची गोष्ट. मी बारा-तेरा वर्षांचा असेन.
नवी पेठेतला याकूब घड्याळवाला
थंडी पडली की सायकल मारत नान्नजच्या माळावर यायचा.
बंदूक सोलापुरी चादरीत गुंडाळून दांडीला बांधलेली,
जणू दवाखान्यात न्यायचं पोर.

माझा बाप, झुंबर, त्याला हसायचा :
"मियाँ, एवढ्या लांबनं काय मारायचं?
जनावराचा वास तरी येऊ दे नाकाला."
आम्हा पारध्यांची शिकार जवळची.
मोरी गाय चरत चरत पुढं जायची,
तिच्या फऱ्याआड बाप, बापाच्या धोतराआड मी.
हरणाच्या पापण्या दिसेपर्यंत
आम्ही गायच होऊन राहायचो.

याकूबला गाय नको होती.
तो बोरीखाली पालथा पडायचा.
भिंगातून केसाएवढी कमान बघणारा उजवा डोळा
तसाच बारीक करून माळ मोजायचा.
इथून तो हिवर दोनशे.
हिवरापासून वारूळ शंभर.
वारुळापल्याड त्याचं गणित अडायचं,
कारण तिथून पुढं माळ हलायचा.

दहा वाजले की आमची जमीन उकळते.
काळवीट पोटापर्यंत पाण्यात उभं दिसतं
आणि पाणी तर कुठंच नसतं.
ज्याचे पाय दिसत नाहीत
त्याची छाती किती उंचावर धरायची?
वरून वारा. इथला वारा एकटा येत नाही.
कानाशी मार्डीकडून,
मधल्या खोलगटात अजिबात नाही,
आणि पार तिकडं, त्याच्या खुरांशी,
कुसळं उलटीच झुकलेली.
ती वाचून दाखवायचं काम माझं.
"डावीकडं, मियाँ. आता पडला. आता परत डावीकडं."
तो चिमूटभर माती बोटांतून सोडायचा,
ती सरळ खाली यायची.
"हे इथलं झालं," म्हणायचा, "मला तिथलं सांग."

त्या दिवशी वारुळापल्याड एक काळा नर, एकटाच.
याकूबनं अर्धा श्वास सोडला, अर्धा धरला.
दोन ठोक्यांच्या मधे एक मोकळी जागा असते म्हणे,
घड्याळातही, छातीतही.
तिथं त्यानं बोट ओढलं.

बार आमच्याकडं झाला.
तिकडं अजून काहीच झालं नव्हतं.
तेवढ्यात नरानं एक पाऊल टाकलं.
कारण काही नाही. पुढचं गवत बरं असेल.

छातीसाठी निघालेली गोळी पोटात पोचली.

खरं लांब अंतर त्यानंतर सुरू झालं.
दगडावर एक थेंब.
मग तरवडाच्या पानावर, कमरेएवढ्या उंचीवर, पुसलेला.
मग दुपारभर काही नाही.
बाप ओणवा होऊन वास घेत पुढं,
याकूब बूट हातात घेऊन मागं,
बंदूक माझ्या खांद्यावर, अजून कोमट.
वडाळ्याच्या अंगाला, ओढ्याच्या कोरड्या वाळूत,
तो बसलेला सापडला. मान ताठ.
पाच पावलांवर.

याकूबनं बंदूक मागून घेतली.
कमान बसवताना जे बोट कधी हललं नव्हतं
ते आता थांबेना.
बापानं त्याला बाजूला सारलं,
वाळूत गुडघे टेकले,
आधी जनावराच्या डोळ्यांवर तळवा ठेवला,
आणि सुरी नंतर काढली.

दुसऱ्या दिवशी याकूब परत आला, मोकळ्या हातानं.
बोरीपासून चालत निघाला, ओठ हलवत,
हिवर, वारूळ, आणि पुढं
जिथं खुरांनी माती उकरली होती तिथवर.
"चारशे अकरा," परत येऊन म्हणाला.
"मी चारशे धरले होते, झुंबर. अकरानं चुकलो."

बाप मोरीच्या कानातले गोचीड काढत होता.
मान वर न करता म्हणाला,
"आणि त्यानं टाकलेलं ते एक?"

याकूब बोरीखाली बसला.
कालपासून तिथंच पडलेली चादर मांडीवर घेतली,
आणि तिच्यात रुतलेली कुसळं
एकेक करून उपटू लागला.
अंधार पडला तरी
ती संपली नव्हती.